पोपटी पानांविषयी गाऱ्हाणं

भरतकामाचा दोरा दिव्याखाली विकणं बंद व्हायला हवं. साडीच्या दुकानात पदर उजेडात नेऊन बघायची मुभा असते, दुकानदार स्वतःच म्हणतो, "ताई, बाहेर नेऊन बघा, रंग कळेल." दोऱ्याच्या दुकानात मात्र लडी हातात घेऊन दाराच्या दिशेने दोन पावलं टाकली, की "मॅडम, इथेच बघा ना, सगळं दिसतंय" असं ऐकावं लागतं. सगळं दिसत नाही. डाळिंबी म्हणून घेतलेल्या दोन लड्या आतल्या दिव्याखाली एकमेकींशेजारी छान बसतात आणि घरी खिडकीपाशी आणल्यावर एक निळसर लाल निघते, दुसरी विटकरी. मग जास्वंदीच्या पाच पाकळ्यांपैकी दोन वेगळ्याच झाडावरच्या दिसतात.

कारण साधं आहे. रंग जितका दोऱ्यात असतो तितकाच त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातही असतो. दिवसाच्या उजेडात सगळ्या छटा असतात. एलईडीच्या किंवा ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात त्या त्याच प्रमाणात नसतात. त्यामुळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांत बुडवलेले दोन दोरे एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात फटकून राहतात. कापड रंगवणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं, म्हणून त्यांच्याकडे रंग तपासायला ठरावीक दिवे बसवलेली पेटी असते. भरणाऱ्या बाईकडे तशी पेटी नसते. तिला दुकानाच्या पायरीवर मिनिटभर उभं राहू द्यावं, एवढंच मागणं आहे. लडीची किंमत किरकोळ असते हे खरं, पण तिच्यापायी पुढचे कित्येक दिवस डोळे आणि मान जाणार असते.

"नंबर बघून घ्या, म्हणजे चूक होत नाही," हा दुकानातला दुसरा सल्ला. नंबरांचंही ऐका. डीएमसी ही फ्रान्सच्या म्युलूझ गावची कंपनी, १७४६ सालची. सुरुवातीला ती हिंदुस्थानी छिटासारखं छापील कापड करत असे. तिच्या सहापदरी दोऱ्याच्या आज सुमारे ५०० छटा आहेत. त्यात ३०९ गडद गुलाबी, ३१० काळा आणि ३११ गडद निळा. तिन्ही नंबर शेजारचे, रंगांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्याकडे जास्त मिळणाऱ्या अँकरमध्ये काळ्याचा नंबर ४०३. म्हणजे पुस्तकात एका कंपनीचे नंबर दिलेले आणि दुकानात दुसरीचा दोरा, असं झालं की तुलनेचा तक्ता धुंडाळायचा. आणि तक्त्यातली जोडीही जवळपासची असते, तीच नसते. काळ्या-पांढऱ्याचं निभावून जातं. अबोलीच्या रंगाचं निभत नाही, कारण अबोली ही केशरी आणि गुलाबी यांच्या मधल्या फार अरुंद जागेत आहे. जरा इकडे सरकली की गाजर, जरा तिकडे सरकली की साबणाची वडी.

शिवाय नंबर ज्या कागदी पट्टीवर छापलेला असतो ती पट्टी दुकानदार लडी मोजताना काढून टाकतो, किंवा लडी आधीच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवलेली असते. आठ मीटरची लडी नेमकी शेवटच्या पानाशी संपते. उरलेला वीतभर दोरा घेऊन पुन्हा दुकानात जायचं, तर "असाच होता, हाच असणार" या भरवशावर दुसरी लडी हाती पडते. एकाच नंबरच्या पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्यांतही छटेचा फरक पडू शकतो, हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवं. कुणी सांगत नाही. शेड कार्ड मागितलं तर छापील कागद पुढे येतो. छापलेल्या शाईला दोऱ्याची चमक नसते. ज्या कार्डावर खऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटवलेले असतात तेच खरं शेड कार्ड, आणि ते गल्ल्याखालच्या खणात जपून ठेवलेलं असतं.

शेडेड दोऱ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो विषय फार वेळ द्यावा असा नाही. गुलाबीपासून राणीपर्यंत आपोआप रंग बदलणारी लडी नवशिक्यांना हौसेने विकली जाते. तिच्यातला रंग ठरावीक अंतराने बदलतो. पाकळीची लांबी त्या अंतराला माहीत नसते. गडद रंग देठाशी हवा असताना तो पाकळीच्या टोकाला येतो आणि पुढच्या पाकळीत मधोमध. गवताच्या पात्यांना किंवा वेलीच्या साखळी टाक्याला हा दोरा शोभतो. फुलाच्या पाकळीत घालू नये.

आता हिरवा. सगळ्यांत मोठं दुखणं इथे आहे.

कुठलंही तयार किट उघडा. फुलांसाठी चार-पाच रंग नीट निवडलेले असतात आणि पानांसाठी दोन हिरवे: एक पोपटी, एक बाटलीचा. पुस्तकांतही तेच. रुखवतात मांडलेल्या उशांच्या अभ्र्यांवर, ताटावरच्या रुमालांवर, बाळाच्या दुपट्यावर गेली कित्येक वर्षं हेच दोन हिरवे आहेत. खरं म्हणजे भरलेल्या गुच्छात फुलांपेक्षा पानं आणि देठच जास्त जागा घेतात, आणि फूल उठून दिसतं की बसतं हे त्या पानांवर ठरतं. जास्वंदीचं पान गडद, तकतकीत, कातरलेल्या कडेचं. त्याच्या शेजारी पोपटी ठेवला की लाल फूल केविलवाणं होतं, कारण सगळी नजर तो पोपटी ओढून घेतो. गुलाबाची कोवळी पालवी हिरवी नसतेच मुळी, ती तांबूस असते. जुनी पानं गडद आणि किंचित निळसर. झेंडूची पानं झेंडूपेक्षा सौम्य, चिरलेली. मोगऱ्याचं पान मधल्या हिरव्याचं, पण पाठीकडून फिकं, आणि वळलेल्या पानाची पाठ दाखवायची तर तिथे दुसरा दोरा लागतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: दोरे घ्यायला गेल्यावर आधी हिरवे घ्यावेत. एक पिवळ्याकडे झुकणारा, एक निळ्याकडे, एक राखाडीकडे. मेंदी आणि शेवाळी हे आणखी दोन जमले तर फार उत्तम. लालाच्या दोन छटा कमी पडल्या तरी चालतात. हिरव्याच्या कमी पडल्या तर गुच्छ प्लॅस्टिकचा दिसतो, मग टाके कितीही सुबक असोत. एवढी साधी गोष्ट किट बांधणाऱ्यांना का कळू नये? लडी एकच जास्त घालायची आहे.

रंगाइतकाच माझा राग टाक्यांवर आहे. टाके शिकवण्याच्या पद्धतीवर, असं म्हणायला हवं. शिवणाच्या क्लासात पहिल्या दिवशी दुसुतीचा नाहीतर मांजरपाटाचा चौकोन हातात येतो आणि त्यावर ओळीने धावदोरा, साखळी टाका, देठ टाका, काजे टाका, गहू टाका, काश्मिरी टाका, लेझी डेझी, गाठीचा टाका. ओळ सरळ आली की टाका आला. तो नमुना वहीत चिकटवला जातो, त्याखाली नाव लिहिलं जातं आणि विषय संपतो. यांपैकी कुठला टाका कुठल्या फुलाचा आहे, याचं एकही अक्षर कुणी शिकवत नाही. त्यामुळे पुढे जन्मभर प्रत्येक पाकळी लेझी डेझीची आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध पिवळी गाठ. लेझी डेझीचा टाका वाईट नाही. तो मुळाशी निमुळता आणि टोकाला गोल, मध्ये पोकळ असा बनतो. असा आकार ज्या पाकळीचा आहे तिथे तो चपखल बसतो. पण प्राजक्ताची पाकळी तशी नसते. सदाफुलीचीही नसते.

प्राजक्त हातात घेऊन बघा. पाकळ्या पाचापासून आठापर्यंत, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला किंचित वळलेल्या, भिरभिऱ्यासारख्या. पाकळी बाहेरच्या टोकाला रुंद होते आणि तिथे तिला खाच असते. लेझी डेझीने ती खाच मिळणं शक्य नाही. मधून निघणारे तीन-चार साधे सरळ टाके पंख्यासारखे पसरवले, मधला जरा आखूड ठेवला, की खाच आपोआप तयार होते. पांढरा दोरा दोन पदरी पुरे. मधला केशरी ठिपका गाठीच्या टाक्याचा, तोही दोन पदरीच. सहा पदरांची गाठ घातली की बटण दिसतं. आणि अंगणात पडलेली फुलं पुष्कळदा पालथी पडतात, देठ वर करून. नमुन्यात एखादं तरी फूल पालथं असावं: खाली पांढऱ्या पाकळ्यांचे टाके आणि वर केशरी देठाचा एकच आखूड टाका. दोन मिनिटांचं काम आहे. मी पाहिलेल्या एकाही नमुन्याच्या पुस्तकात पालथा प्राजक्त नाही. सगळी फुलं आपल्याकडे तोंड करून ओळीत उभी.

जास्वंदीचे तर फारच हाल केलेत. पाच लाल ठिगळं, सगळी एकाच लालाने, सगळे टाके उभे, आणि मध्ये पिवळी काडी. खरी साधी जास्वंद अशी: पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी शेजारणीच्या कडेवर थोडी चढलेली. बुडाशी गडद, जवळजवळ काळपट लाल. तिथून शिरा निघतात आणि कडेकडे पसरत जातात. मधला दांडा फुलाच्या बाहेर येतो. तो लालच असतो, पिवळा नाही. त्याच्या वरच्या भागावर पिवळे बारीक कण असतात आणि अगदी टोकाला पाच छोटे लाल ठिपके.

हे भरायला लाल तीन लागतात आणि टाका लागतो लांब-आखूड. पाकळीच्या कडेपासून सुरुवात करायची, एक टाका लांब, एक आखूड, आणि प्रत्येक टाक्याचं तोंड बुडाकडे. दुसऱ्या ओळीचे टाके पहिल्या ओळीच्या मधल्या जागांत घुसवायचे, थोडे तिचा दोरा चिरून. म्हणजे एक लाल कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळत नाही. मागची पाकळी आधी, पुढची नंतर. दोरा एक पदरी, फार तर दोन पदरी. दांडा देठ टाक्याने, पिवळे कण एक पदरी गाठींनी, तेही दांड्याला चिकटून न ठेवता थोडे सुटे. टोकाचे पाच लाल ठिपके शेवटी. कुणाला वाटेल, एवढा खटाटोप कशाला? गणपतीला रोज वाहतो ते हे फूल आहे. ते नीट बघून भरावं एवढा त्याचा मान आहे.

टाक्याच्या दिशेबद्दल पुस्तकं एक ओळही खर्च करत नाहीत, याचा मला विशेष त्रास होतो. कारण दिशेतच निम्मा रंग असतो. सुती दोऱ्याला जी चमक असते ती मर्सराइझ केल्यामुळे. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ साली सुतावर कॉस्टिक सोड्याचे प्रयोग केले, १८५० साली पेटंट घेतलं. पुढे १८९० साली होरेस लो याने तीच क्रिया सूत ताणून धरून केली तेव्हा चमक आली. या चमकदार दोऱ्याचा टाका आडवा घातला की एक छटा दिसते, उभा घातला की दुसरी. पंजाबातली फुलकारी याच गोष्टीवर उभी आहे. खद्दराच्या उलट्या बाजूने, सूत मोजून, बिनपिळाच्या रेशमाने भरायचं. टाका एकच, धावत्या जातीचा. पण त्याची दिशा आडवी-उभी बदलली की एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. पाच पाकळ्यांचे सगळे टाके उभे घातले, तर दोऱ्याने फुकट देऊ केलेली ही छटा आपण नाकारतो. प्रत्येक पाकळीचे टाके तिच्या बुडाकडे वळवले की पाचही पाकळ्या वेगवेगळा उजेड घेतात, आणि त्यासाठी एक लडीही जास्त लागत नाही.

आणि भरीव टाका किती लांब घ्यायचा यालाही काही मर्यादा हवी. बोटाच्या पेराएवढे लांब टाके बांगडीत, अंगठीत, मुलांच्या नखात अडकतात आणि दुसऱ्या धुण्यात ओघळतात. पाकळी रुंद असेल तर लांब-आखूड टाकाच योग्य. पुस्तकातल्या चित्रात मोठी पाकळी भरीव टाक्याने भरायला सांगितलेली असते, कारण ती फोटोत छान दिसते.

शेवंती आणि झेंडू यांना एकच ठरवून टाकलंय: गोल फूल, शेवंतीला लिंबाचा पिवळा, झेंडूला नारिंगी. शेवंतीच्या पाकळ्या जिभेसारख्या लांबट, बाहेरच्या उघडलेल्या आणि आतल्या मिटत आलेल्या. तिथे लेझी डेझी खुशाल वापरावा, बाहेर लांब आणि आत आखूड करत. झेंडू हा चुणीदार, दाटीवाटीचा. त्याला तुर्की टाक्याचे फास काढून कातरले किंवा जवळजवळ गाठी घातल्या की त्याचा गुबगुबीतपणा येतो. गुलाबाचीही अशीच गत. पाच आरे घालून त्यांतून दोरा विणत न्यायचा तो गुलाब सोपा, भरभर होणारा, म्हणून आता गुलाब म्हटलं की तोच. दोरा गुंडाळून करायचा बुलियनचा गुलाब जमत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना कुणी सांगत नाही की दोष पुष्कळदा सुईचा असतो: नेढं जाड असलं की गुंडाळलेल्या वेढ्यांतून सुई ओढताना अडकते. बारीक नेढ्याची, सबंध एकाच जाडीची सुई घ्या. किटमध्ये मात्र एकच जाडजूड सुई असते आणि तिने कॅम्ब्रिकला पडलेली भोकं इस्त्रीनेही बुजत नाहीत. भरतकामाच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. एक पदरी कामाला ९ किंवा १० नंबरची मागून घ्यावी.

पांढऱ्या फुलांवर तर अन्यायच झालाय. मोगरा, तगर, अनंत, जाई, जुई. आपल्याकडची आवडती फुलं निम्म्याहून जास्त पांढरी, आणि नमुन्यांच्या पुस्तकात त्यांना जागा नाही. कारण विचारलं तर सांगतात, "पांढरं उठून दिसत नाही." लखनौच्या चिकनकारीत मूळ काम पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याचंच. रंगाची मदत न घेता तिथे फुलं उभी राहतात ती केवळ टाक्यांमुळे. मुर्री हा तांदळाच्या दाण्यासारखा टाका, फंदा हा भरड धान्याच्या कणासारखा, दोन्ही कापडावर उठलेले. जाळीत धागे बाजूला सारून भोकं केलेली. आणि बखिया हा उलट्या बाजूने भरलेला, त्याची नुसती सावली सुलट बाजूला. एकाच पांढऱ्यात उंचवटा, भोक आणि सावली अशा तीन गोष्टी मिळतात. मोगऱ्याची कळी भरताना आधी आतून टाक्यांचा थर द्यावा आणि वरून भरीव टाका घालावा, म्हणजे ती टपोरी होते. खालच्या पाकळीला शुभ्राऐवजी मोतिया आणि देठाशी अगदी फिका हिरवा. पारशी गाऱ्यावरची शेवंतीची फुलं आठवून बघा. चीनमधून व्यापाराच्या वाटेने मुंबई-सुरतेच्या पारशी घरांत आलेलं हे भरतकाम; गडद जांभळ्या किंवा लाल रेशमावर पांढऱ्या-मोतिया दोऱ्यांची फुलं, आणि त्यांच्याकडे पाहून रंग कमी पडला असं कुणाच्या मनातही येत नाही.

आता कापड. दोऱ्याचा रंग कापडावर ठेवल्याशिवाय कळत नाही, तरी आपल्याला तो काउंटरच्या काचेवर ठेवून निवडायला लावतात. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्यांनी तपासलं, तर रंग चोख होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा दुबळा दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली सबंध ग्रंथ लिहिला. म्हणजे शेजारचा रंग आपल्या रंगाला बदलतो, ही गोष्ट छापून पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली. तरीही ब्लाउजपीस बरोबर नेऊन त्यावर लड्या पसरायला लागलं की मागच्या ग्राहकाला घाई असते. अबोली पांढऱ्यावर गडद वाटते, मरून रंगावर तीच उजळते, आणि मोरपंखीवर ती जवळजवळ केशरी होते. कापड न नेता दोरा घेणं हे पैसे वाया घालवणं आहे, आणि कापड नेलेल्या बाईला घाई करणं हा उद्धटपणा आहे.

लाल दोऱ्याचा रंग जाणार नाही, हे विकणाऱ्याने खात्रीने सांगावं किंवा "सांगता येत नाही" असं प्रामाणिकपणे म्हणावं. "काही होत नाही हो" हे उत्तर नाही. पांढऱ्या अभ्र्यावर लाल फुलं भरून पहिल्या धुण्यात सगळा अभ्रा गुलाबी होणं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. भरण्याआधी वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघावा. फडक्याला डाग लागला तर तो दोरा गडद कापडासाठी ठेवावा. तसंच पांढऱ्या पाकळ्यांच्या मागून हिरवा दोरा एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत ओढत नेऊ नये, तो पुढून दिसतो. पूर्वी घरातल्या वयस्क बायका भरलेलं कापड आधी उलटं करून बघत. त्यांचा काहींना राग यायचा. त्या वयस्क बायकांचंच बरोबर होतं. धारवाडकडच्या कसुतीत गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात आणि गाठ कुठेच नसते. ते इरकली लुगड्यांवर बघत मोठ्या झालेल्या बायकांना मागची बाजू महत्त्वाची वाटणारच.

आणि मग भेटते ती व्यक्ती, जी पूर्ण झालेलं काम हातात घेऊन म्हणते, "किती छान! पण हे आता मशीनवर होतं ना?" होतं. कॉम्प्युटरवर नमुना घातला की मशीन तासाभरात गुच्छ काढतं, एकसारखा, न थकता. मशीनला जो नमुना दिला जातो त्यातही पानं पोपटीच असतात आणि जास्वंदीला पिवळी काडीच असते. हाताने भरणारीला थांबता येतं, खिडकीबाहेर बघता येतं, टाका उसवून दुसरा लाल घेता येतो. हे करण्याची मोकळीक असताना तिने मशीनच्याच नमुन्यावरून भरावं, हे मला सहन होत नाही.

नमुन्यांची पुस्तकं काढणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. पॅन्सी, ट्यूलिप आणि डेझी यांना काढू नका, ज्यांना हवी ते भरतील. पण त्यांच्याबरोबर तामणाचं फूल घाला. ते महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे, उन्हाळ्यात रस्त्याकडेला घोसाने फुलतं, आणि मी चाळलेल्या कुठल्याच पुस्तकात ते नाही. सहा जांभळट गुलाबी, चुरगळलेल्या पाकळ्या. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. पाकळीच्या चुण्यांसाठी एक पदरी लांब-आखूड टाका, जांभळाच्या किमान तीन छटा, केसरांना सरळ टाका आणि टोकाला गाठ. नंबर दोन्ही कंपन्यांचे द्या, पदर किती ते लिहा, टाक्याची दिशा बाणाने दाखवा. आणि पानांसाठी हिरवे चार सांगा, त्यांत पोपटी नको.